आत्याचा खडा

मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, गच्चीच्या कठड्याजवळ उभी राहायला भिते. नातवंडं यावरून माझी टिंगल करतात आणि मी करू देते. पण प्रवासाला निघताना मी जी माणसं मोजत बसते, त्याला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. गेल्या महिन्यात मोठ्या नातवावर मी अशी ओरडले की तो बिचारा पिशव्या उचलायच्याच विसरला. मग मलाच वाईट वाटलं. तोंडानं सांगायला बसले तर मध्येच थांबेन, म्हणून लिहून काढते आहे.

निजामाचं राज्य होतं. आम्ही अंबडला राहायचो. वडील मुन्सफाच्या कोर्टात कारकून होते. दिवसभर कचेरीत उर्दूत लिहायचे आणि घरी आल्यावर मराठीत चिडायचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो, कारण त्यांची धाकटी बहीण त्यांना दादा म्हणायची आणि तिचं ऐकून मीही तेच शिकले. ही धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या.

आत्या तेरा वर्षांची असताना तिचा नवरा पटकीनं गेला आणि ती आमच्याकडे परत आली, ती कायमची. मला कळायला लागल्यापासून मी तिला विधवेच्या लाल आलवणातच पाहिलं. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, हातात काही ना काही काम. विहीर, चूल, देवघर आणि एकादशीला देवीची टेकडी, एवढंच तिचं जग. या गोष्टीच्या वेळी ती सव्वीस वर्षांची होती, हे मी पुष्कळ वर्षांनी बोटांवर मोजून काढलं आणि मला धक्काच बसला. बारा वर्षांच्या मला ती म्हातारी वाटायची. सव्वीस म्हणजे काय वय झालं!

शहागडच्या खाली, गोदावरीच्या पात्रात, एक बेट होतं. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. दसरा झाला की पाणी उतरायचं, बेटाची वाळू उघडी पडायची आणि अंबडपासून, पार तीर्थपुरीपासून लोक गाड्या जुंपून बेटावर जायचे. पांढरी वाळू, अर्ध्या वाळूत गेलेलं महादेवाचं देऊळ, कुठल्या तरी जुन्या फौजेच्या चौकीचा पडका बुरूज, झाऊची झुडपं आणि थंडीच्या तोंडावर येणारे चक्रवाक. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. आमचा समुद्र, आमचं सहलीचं ठिकाण, सगळं ते बेटच.

आत्यानंही ते पाहिलं नव्हतं, पण तिला ते तोंडपाठ होतं. विहिरीवर जी बाई बेटावरून आलेली असेल तिला ती धरायची. वाळूत पाय कुठवर रुततो? बुरुजाला पायऱ्या किती? चक्रवाक जवळ गेलं की उडतात का बसून राहतात? बायका कंटाळून जायच्या. मला वाटतं, जाऊन आलेल्यांपेक्षा तिलाच ते बेट जास्त माहीत होतं.

त्या वर्षी नवरात्रात घरात एक प्रसंग घडला. आईची तब्येत बरी नव्हती, नैवेद्याचं दूध उतू गेलं, सोवळ्यात काहीतरी घोळ झाला, आणि आई स्वयंपाकघरात दादांवर कडाडली, "वन्संना एकदाचं कुठंतरी नेऊन सोडा. माझ्यानं आता न्हाई होत हे." आत्या मागच्या अंगणात विहिरीवर होती. मी दारात होते. मला रहाटाचा आवाज थांबल्याचं ऐकू आलं. आईलाही आलं असणार, कारण तिनं एकदम तोंडावर पदर घेतला. थोड्या वेळानं रहाट पुन्हा सुरू झाला. आत्या घागर घेऊन आत आली आणि रोजच्यासारखी कामाला लागली.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी दादा जेवताना म्हणाले, "यंदा बेटावर जाऊ. आणि तू पण चल गं." हे आत्याला उद्देशून होतं. आत्याच्या हातातली पळी तशीच राहिली. ती दादांकडे बघत राहिली, मग आईकडे. आई खाली मान घालून भाकरी थापत होती. मला वाटलं, आनंदानं हिची बोलतीच बंद झाली. मी टाळ्या वाजवल्या.

आमच्याबरोबर दादांच्या कोर्टातले पेशकार आले. ते मुसलमान, घरी उर्दू बोलणारे, वयानं दादांहून मोठे, गुडघ्यानं अधू. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांचा डबा वेगळा, पाण्याची सुरई वेगळी, पण गाडी एक आणि गाडीतलं हसणं एक. चाचांकडे एक लाल जाजम होतं. ते अंथरल्याशिवाय ते कुठंच बसत नसत, गुंडाळून काखेत घेऊनच फिरत. आदल्या संध्याकाळी आम्ही शहागडला पोचलो, धर्मशाळेत राहिलो आणि सकाळी उन्हं वर आल्यावर नदीवर गेलो.

मी नदी बघितली आणि आईचा पदर धरला. आकाश स्वच्छ होतं, पाणी शांत होतं, तरी एवढं पाणी एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं. होडीत आमच्याशिवाय शहागडच्या दोघी-तिघी बायका होत्या, महादेवाला निघालेल्या, हिरव्या बांगड्या भरलेल्या. मी भीतीनं माणसं मोजायला लागले. एक, दोन, तीन...

"ए पोरी!" नावाडी इतक्या जोरात ओरडला की मी जवळजवळ पाण्यात पडले. पन्नाशीचा, काळा, वाळलेला माणूस. "गंगेवर मान्सं मोजायची न्हाईत. मोजलं की तिला बी कळतं किती हायेत. मंग ती वाटा मागती."

मग त्यानं आपल्या घाटाची रीत सांगितली. होडीच्या टोकाला वेताची एक दुरडी टांगलेली होती. जाताना प्रत्येकानं काठावरचा एक खडा उचलून दुरडीत टाकायचा. येताना होडीत चढलं की आपला खडा काढून घ्यायचा. दुरडीत खडा उरला म्हणजे बेटावर माणूस उरलं. मोजायची गरजच नाही. "पन एक हाय," तो म्हणाला, "ज्याचा खडा त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं काढला तर ते मान्स गंगेचं झालं."

आत्यानं मन लावून खडा शोधला. हिरवट, चपटा, मधून पांढरा पट्टा गेलेला. मी साधी गारगोटी उचलली. आत्या दुरडीकडे निघाली तेवढ्यात शहागडच्या बायकांमधली एक म्हणाली, "आधी आमचं होऊ द्या की." ती आत्याकडे न बघता बोलली, पण कुणासाठी बोलली ते सगळ्यांना कळलं. देवाला निघालेल्या सवाष्णी. त्यांच्या आधी आणि त्यांच्यात विधवेचा हात नको. आत्या दोन पावलं मागं सरली. आईनं घाईघाईनं तिच्या हातातला खडा घेतला आणि माझ्या हातात कोंबला. "तूच टाक दोन्ही," ती कुजबुजली, "कटकट नको."

मी दोन्ही टाकले. नावाडी तेव्हा मागं दोर सोडत होता, त्यानं पाहिलं नाही. आत्या होडीच्या अगदी मागच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून बसली.

बेटावर उतरलो आणि आत्या वेगळीच बाई झाली. जुन्या घाटाच्या पायऱ्या चढून वाळूत आली आणि तिथंच उभी राहिली. मग चपला काढून हातात घेतल्या आणि चालायला लागली. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. "खरंच रुततात गं!" ती मला ओरडून म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. दादा आणि चाचा बुरुजाखाली जाजम टाकून बसले आणि तो बुरूज कुणी बांधला यावर वाद घालायला लागले. चाचा म्हणत, बादशहाच्या फौजेची चौकी. दादा म्हणत, त्याहून जुनं, यादवांच्या वेळचं. दोघांनाही काही माहीत नव्हतं. आई देवळात गेली. आत्यानं बुरुजाच्या पायऱ्या मोजल्या, देवळाच्या भिंतीवरचे झिजलेले हत्ती हातानं चाचपून पाहिले आणि ओंजळभर शिंपले गोळा करून माझ्या परकरात ओतले. मी मात्र घाटाजवळून हलले नाही.

मी घाटाच्या पायऱ्या बघत होते. आम्ही आलो तेव्हा पाण्याच्या वर सात पायऱ्या होत्या. जेवणं झाली तेव्हा सहा. मी दादांना सांगितलं. दादा म्हणाले, "तू नीट मोजल्या नसशील." मी चाचांना सांगितलं. चाचा हसून म्हणाले, "बेटी, तू तो साये से भी डरती." मग मी आत्याला सांगितलं.

आत्या झाऊच्या झुडपांपलीकडे बघत होती. बेटाचं खालचं टोक लांब होतं, पार पाण्यात निमुळतं होत गेलेलं, आणि तिथं चक्रवाक उतरले होते. तांबूस, जोडीजोडीनं. "चल माझ्यासंगं," ती म्हणाली, "जवळून बघू."

"सुसरी असतात तिकडं," मी म्हणाले.

"असू दे. एकदा बघून येते. दादाला सांगू नकोस, लगेच येते मी." आणि ती गेली. झुडपांतून तिचं लाल लुगडं दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं. मला तिचा राग आला. ती गेली म्हणून नाही, मला भीती वाटत असताना तिला वाटत नव्हती म्हणून.

दिवस कलायच्या आधी पाण्याचा रंग बदलला. सकाळी हिरवं होतं ते तांबडं, गढूळ झालं. वर फेसाच्या चकत्या आणि पालापाचोळा वाहायला लागला. आमच्या डोक्यावर ढगसुद्धा नव्हता, पण वर, नाशकाकडे कुठंतरी, परतीचा पाऊस जोरात पडून गेला असणार. पायऱ्या चार राहिल्या. नावाडी धावत आला. "उठा, उठा! जल्दी! पानी चढून राह्यलंय. वरून लोंढा येतोय."

मग जी धांदल उडाली ती मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवते. डबे, तांबे, कुणाची तरी राहिलेली परडी. दादांनी चाचांना हाताला धरून उतरवलं. शहागडच्या बायका देवाचं नाव घेत होत्या. होडी हलत होती, माझी बोबडी वळली होती. आईनं मला ढकलून होडीत घातलं. मी वळून मागच्या टोकाकडे पाहिलं. तिथं लाल दिसलं. आत्या आली, मला वाटलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

सगळे पटापट दुरडीत हात घालत होते. माझी पाळी आली. जाताना मी दोन टाकले होते, म्हणून मी दोन काढले. गारगोटी आणि पट्ट्याचा हिरवट खडा. नावाड्यानं रिकामी दुरडी पाहिली, बांबू रोवला आणि होडी सोडली. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि काठ लागेपर्यंत उघडले नाहीत.

काठावर माणसं उतरली, सामान उतरलं. शेवटी चाचांनी मागच्या टोकावरून आपलं जाजम उचललं. गुंडाळलेलं, लाल.

मी त्या जाजमाकडे बघत राहिले. आई म्हणाली, "वन्सं कुठं आहेत?" दादांनी इकडं तिकडं पाहिलं. "पुढं गेली असेल, धर्मशाळेकडं." नावाड्यानं दुरडी उलटी करून दाखवली. "दुरडी रिकामी हाय मालक. बेटावर कोनी न्हाई. बिलकुल न्हाई." तीस वर्षांत ती दुरडी कधी खोटी ठरली नव्हती. सगळ्यांचा तिच्यावर विश्वास होता. दादा धर्मशाळेकडे गेले. आई शहागडच्या बायकांबरोबर गावातल्या देवळाकडे गेली. आत्याला ते काठावर शोधत होते, आणि मला एकटीला माहीत होतं की ती काठावर नाही.

मी बोलले नाही.

आज मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे आणि अजूनही मला त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण ती का बोलली नाही ते मला माहीत आहे. मार बसेल ही भीती नव्हती. दुसऱ्यानं खडा काढला तर ते माणूस गंगेचं झालं, हे तो म्हणाला होता. आणि मी काढला होता. माझ्या लेखी आत्या मेली होती आणि मी मारली होती. आता ते तोंडानं म्हटलं की खरं होणार. न बोलता राहिले तर दादा धर्मशाळेतून तिला घेऊन येतीलही, कोण जाणे. दोन्ही खडे परकराच्या नेफ्यात होते, पोटाला टोचत होते. मी हात तिथंच दाबून धरला होता. समोर पाणी चढत होतं. काठाजवळचा एक मोठा दगड, ज्यावर सकाळी आईनं पिशवी ठेवली होती, तो अर्धा बुडाला. मग पूर्ण बुडाला. किती वेळ गेला, मला कधीच सांगता आलं नाही. तो दगड बुडायला लागला तेवढा वेळ.

गुडघ्यामुळे चाचा कुठं गेले नव्हते. सामानाजवळ बसून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बेटी, इधर आ. पेट में दुख रा क्या?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"फिर हात में क्या पकडी?"

मी खडे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. आणि मग माझ्या तोंडून शब्द असे आले की थांबेचनात. दोन टाकले होते, दोन काढले, जाजम लाल होतं, ती चक्रवाक बघायला गेली, सांगू नको म्हणाली. चाचा रागावले नाहीत. ते उठले, आणि ज्या माणसाला मघाशी हाताला धरून उतरवावं लागलं होतं तो नावाड्याकडे अक्षरशः पळत गेला.

नावाडी होडी ओढून वर बांधत होता. त्यानं खडे पाहिले, मग नदी पाहिली. त्याचा चेहरा इतका बदलला की मला वाटलं हा आता नाही म्हणणार. तो माझ्यापुढे दुरडी धरून एवढंच म्हणाला, "टाक परत. तुज्या हातानं टाक." मी पट्ट्याचा खडा दुरडीत टाकला. त्यानं दुरडी टोकाला बांधली आणि दोर सोडला.

"मैं भी आतूं," चाचा म्हणाले. "अकेला नक्को जा." आणि अधू गुडघ्यानं ते होडीत चढले.

दादा परत आले तेव्हा होडी मध्यावर होती, वेडीवाकडी, प्रवाहानं खाली ओढली जात. मी दादांना सांगितलं. त्यांनी माझ्यावर हात उचलला आणि तसाच खाली घेतला. आई आली, तिलाही सांगितलं. आई चिखलात बसली. "मीच म्हणाले होते," ती म्हणत राहिली, "माझ्याच तोंडून निघालं होतं." मला वाटलं, खड्यांचं म्हणते आहे.

बेट आता बेट राहिलं नव्हतं. वाळू गेली होती. झाऊचे शेंडे, देवळाचा कळस आणि बुरूज, एवढंच तांबड्या पाण्यातून वर आलेलं दिसत होतं. ऊन उतरायला लागलं होतं. होडी झुडपांआड गेली आणि दिसेनाशी झाली. मी देवाला कबूल करत होते, कधीही काही मागणार नाही, कधीही घाबरणार नाही. तेही कबूल केलं, जे मला जमणार नव्हतं.

मग होडी परत दिसली. मागच्या टोकाला लाल काहीतरी होतं.

आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिले. पण मी त्या लाल रंगावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. जाजम आमच्याजवळच काठावर पडलेलं होतं, तरी नव्हते. होडी जवळ आली, अजून जवळ आली, आणि त्या लाल रंगानं हात उचलून कपाळावरचं पाणी पुसलं. तेव्हा मी रडले.

आत्या कमरेपर्यंत भिजलेली होती. ती बुरुजाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर सापडली होती. नावाडी टोकाशी दुरडी घेऊन उभा राहिला. काठावर आता निम्मं शहागड जमलं होतं, त्या हिरव्या बांगड्यांच्या बायकाही होत्या. "माय," तो म्हणाला, "तुमचा खडा. तुमच्याच हातानं काढा." आत्यानं सगळ्यांच्या देखत दुरडीत हात घातला आणि खडा काढून मुठीत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबडच्या वाटेला लागलो. आई गाडीत पुढं बसली होती, आत्या आणि मी मागं. रात्रभर मी एकच प्रश्न घोळवत होते. शेवटी धीर करून विचारलं, "आत्या, होडी सुटली तेव्हा तू कुठं होतीस?"

"घाटावर आले होते पळत. तुम्ही थोडेच लांब गेल्ते."

"मग हाक का नाही मारलीस?"

तिनं चाकाखालच्या फुफाट्याकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी विहिरीवर मी ऐकलं होतं. मंग दादा म्हणाला, तू पण चल. इतक्या वर्षांत कधी म्हणाला न्हाई. मी येतानाच समजून आले होते, मला सोडायलाच नेऊन राह्यलेत. मंग ओरडून काय करायचं?" मग ती म्हणाली, "पण बेट छान होतं गं. खरंच छान होतं."

पाण्यापेक्षा मोठी भीती मला त्या क्षणी कळली. माणूस आपल्या माणसांची होडी जाताना बघतं आणि हाक मारत नाही, कारण त्याला वाटतं हे ठरलेलंच होतं. आई पुढं ताठ बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बेटावर आत्याला न्यायचंच म्हणून तिनं दादांच्या मागं चार दिवस लकडा लावला होता, त्या एका वाक्याची भरपाई म्हणून; हे मला पुढं कळलं. आत्याला तिनं ते तेव्हाही सांगितलं नाही. तिनं नुसता हात मागं केला, आत्याचा हात चाचपून धरला आणि अंबड येईपर्यंत सोडला नाही. हात तसा मागं करून एवढा वेळ बसायचं म्हणजे खांदा भरून येतो.

आत्या पुढं तीस वर्षं जगली. तो पट्ट्याचा खडा तिच्या देवातल्या डबीत होता, आता माझ्या देवात आहे. बेटावर आम्ही परत कधी गेलो नाही.

आणि मी माणसं मोजते. मोठ्यानं, बोट दाखवून, सगळ्यांसमोर. गंगेला कळू दे, कुणालाही कळू दे. आत्या होती तोवर मी पहिला आकडा तिचा घ्यायची, अजूनही तिथूनच सुरुवात करते. म्हणून माझी मोजणी नेहमी एकानं जास्त येते आणि नातवंडं म्हणतात, आजी, चुकलीस. मी पुन्हा मोजते. पुन्हा एक जास्तच येतो, आणि मग मी निघायला परवानगी देते.